सहस्रचंद्रदर्शनाची भिंत

आईला एक्क्याऐंशीवं लागलं, तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी हॉलच्या एका भिंतीवर तिच्या आयुष्यातले फोटो लावायचे असं घरात ठरलं. कल्पना दादाची. तो पुण्याला असतो, मी इंदूरला आईजवळ, त्यामुळे फोटो जमवण्यापासून छापून आणण्यापर्यंतचं काम मी घेतलं. जमवणं फारसं जड गेलं नाही. ग्वाल्हेरच्या मावशीने, देवासच्या मामेभावाने, नागपूरच्या नणंदेने आपापली कपाटं उघडली. खरं काम त्यानंतरचं होतं: कुठला फोटो किती मोठा छापला तर चांगला दिसेल? एकसष्टी-पंचाहत्तरीला अशा भिंती आता पुष्कळ ठिकाणी असतात, आणि त्यावर धुरकट, पसरट झालेले चेहरे, कपाळापाशी कापलेली डोकी दिसली की जीव हळहळतो. ज्या माणसासाठी एवढा घाट घातला त्याचाच चेहरा नीट दिसू नये?

दादाचा आग्रह होता की सगळे फोटो बारा बाय अठराचे करावेत, म्हणजे भिंत भरलेली दिसेल.

"दादा, आधी मला मोजू दे," मी म्हटलं. "मापं मग ठरवू."

"अगं, मोजायचं काय त्यात? लॅबवाला करून देतो."

लॅबवाला करून देतो हे खरं आहे. सांगू त्या मापाचा कागद तो हातात देतो. पण लहान फाइल मोठ्या कागदावर पसरायची तर मधली जागा मशीन अंदाजाने भरतं, आणि तो अंदाज चेहऱ्यावर दिसतो. म्हणून आधी मोजणी, मग माप, हा क्रम मी शेवटपर्यंत धरून ठेवला.

मोजायचे असतात पिक्सेल. डिजिटल फोटोला स्वतःचे इंच नसतात. इतके ठिपके रुंद आणि इतके उंच, एवढंच त्याचं माप. एका इंचात किती ठिपके बसवायचे हे आपण ठरवलं की कागदावरचे इंच ठरतात. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल हा छपाईत रुळलेला आकडा आहे. त्या हिशेबाने चार बाय सहाला, ज्याला आपल्याकडचे लॅबवाले मॅक्सी म्हणतात, १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. पाच बाय सातला १५०० बाय २१००, आठ बाय बाराला २४०० बाय ३६००. आणि दादाच्या बारा बाय अठराला ३६०० बाय ५४००, म्हणजे एकोणीस मेगापिक्सेलहून अधिक. वहीत तीन रकाने आखले: कुठला फोटो, पिक्सेल किती, आणि ३०० ने भागल्यावर येणारे इंच. फाइलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडलं की पिक्सेलचे आकडे तिथेच मिळतात.

वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. २००३-०४ च्या सुमारास भाऊजींनी डिजिटल कॅमेरा घेतला होता, त्यातले महेश्वरच्या घाटावरचे फोटो २०४८ बाय १५३६ चे निघाले. म्हणजे पावणेसात बाय पाच इंच, त्यापुढे नाही. भाच्याने मोबाइलवर काढलेल्या मूळ फाइली ४०३२ बाय ३०२४ च्या, म्हणजे तेरा बाय दहा इंच आरामात. मागच्या दिवाळीत दादाच्या मित्राने चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने आईचा एकटीचा फोटो काढला होता, तो ६००० बाय ४००० चा. आणि व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले फोटो, जे संख्येने सगळ्यात जास्त होते, त्यांची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. सव्वापाच इंच.

व्हॉट्सॲपबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरचे फोटो आता तिथूनच येतात. फोटो म्हणून पाठवला की ते तो लहान करतं आणि वर दाबून बसवतं. एचडी निवडलं तर बरंच बरं येतं, पण मूळ फाइल तरीही येत नाही. मूळ हवी असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचा. मी घरच्या ग्रुपवर तसा निरोप टाकला, आणि ज्यांना जमेना त्यांना फोन करून एकेक पायरी सांगितली: पिनचं चिन्ह दाब, गॅलरी नको, डॉक्युमेंट निवड, आता फोटो शोध. मामेभावाकडून मुंजीतला तोच फोटो पुन्हा आला तो तिपटीहून जास्त पिक्सेल घेऊन. मागच्या बायकांच्या शालूंची नक्षी, जी आधीच्या फाइलीत नुसता पिवळा पट्टा होती, ती आता जरीसारखी दिसत होती. जिथे मूळ फोन हरवला होता किंवा विकला होता तिथे मात्र व्हॉट्सॲपची फाइल हीच मूळ, असं मानून पुढे गेले.

दुसरा घोळ डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा. एका नातलगाने मोठ्या आपुलकीने एक फोटो "तीनशे डीपीआय करून" पाठवला. उघडून पाहिला तर पिक्सेल तेच, ९६० बाय ७२०. फाइलमध्ये इंचाला किती याची एक नोंद असते. तिथे ७२ असो की ३००, ठिपके एकानेही वाढत नाहीत. गिम्प या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे फार स्वच्छ दिसतं: प्रिंट साइज बदललं तर फक्त ती नोंद बदलते, स्केल इमेज केलं तर पिक्सेलच बदलतात. फोटोशॉपमध्ये रीसॅम्पल नावाच्या चौकोनावर खूण आहे की नाही यावर तोच फरक अवलंबून असतो. आणि खूण करून पिक्सेल वाढवले तरी नवे ठिपके शेजारच्यांवरून हिशेबाने भरलेले असतात. पोळी लाटून मोठी होते, कणीक वाढत नाही. एमबीचंही तसंच. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "मैडम, कितने एमबी का है?" पण एमबी हे जेपेग किती दाबलं आहे आणि फोटोत बारकावा किती आहे यावर ठरतात. मोकळ्या आकाशाचा मोठा फोटो लहान एमबीचा असू शकतो. विचारायचे ते पिक्सेलच.

आता जुने फोटो. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो देण्यासारखाच होता.

आईच्या माहेरचा एक ग्रुप फोटो आहे, १९५० च्या आसपासचा, स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी, पाच भावंडं, आई सगळ्यात पुढे फ्रॉकमध्ये. साधारण सहा बाय आठ इंचांचा प्रिंट. मावशीने तो ग्वाल्हेरहून फ्रेमसकट पाठवला. फ्रेम खोलली तर फोटो काचेला चिकटलेला. पावसाळ्यातल्या दमट हवेत प्रिंटवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला टेकलेला असला तर तिथे धरून बसतो. असा फोटो ओढून काढू नये, थर काचेवरच राहतो. मी काचेसकट स्कॅन करायचं ठरवलं. ऑफिसात असतो तसल्या सपाट, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. त्याला स्वतःच्या काचेला अगदी टेकलेलंच स्पष्ट दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर गेलं की धूसर. जुन्या धाटणीच्या जाड, सीसीडी स्कॅनरला थोडी खोली दिसते. ओळखीच्या एका काकांकडे तसा होता, आणि झाकणात दिवा असल्यामुळे त्यावर निगेटिव्हही होत. काच बाहेरून पुसली, ६०० डीपीआय ठेवलं, आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्ये केला. जुन्या प्रिंटचा तपकिरीपणा आणि त्यावर पडलेले पिवळे डाग रंगीत स्कॅनमध्ये वेगळे ओळखता येतात, मग डाग तेवढे काढता येतात. ४८०० बाय ३६०० पिक्सेल मिळाले. फाइल टिफमध्ये ठेवली, कारण जेपेग बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं थोडं झिजतं. जेपेग फक्त शेवटी, लॅबला द्यायला.

लोक विचारतात की मग १२०० किंवा २४०० डीपीआयवरच का नाही करत? करता येतं, पण जुन्या कागदी प्रिंटमध्ये ६०० च्या पुढे सहसा नवीन काही हाती लागत नाही, कागदाचे तंतू आणि ओरखडे तेवढे मोठे होतात. सत्तरच्या दशकातले काही प्रिंट दाणेदार, सिल्क म्हणायचे तसल्या कागदावर असतात. त्यांच्या उंचवट्यांवर दिव्याची चमक येते आणि सगळ्या चेहऱ्यावर जाळी दिसते. तसा एक फोटो काकांनी एकदा सरळ आणि एकदा उलटा ठेवून स्कॅन केला, दोन्ही थर एकमेकांवर बसवले, आणि जाळी बरीच विरली. हे मी आधी पाहिलं नव्हतं. फार सुंदर युक्ती आहे.

ऐंशीच्या दशकातल्या रंगीत मॅक्सी प्रिंटांचं दुखणं वेगळं. ते सगळे तांबूस झाले होते. त्या कागदातला निळसर रंग आधी उडतो आणि लाल-जांभळा मागे राहतो, म्हणून बंद अल्बममध्ये ठेवलेल्या लग्नामुंजीसुद्धा गुलाबी होऊन बसतात. गिम्पच्या लेव्हल्समध्ये, म्हणजे उजेड-अंधार जुळवायच्या खिडकीत, लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे सरळ केले की बरेचसे ताळ्यावर येतात. मी आजीच्या पांढऱ्या पातळाला पांढरं धरून बाकीचं जुळवलं.

पण सगळ्यात मोठा ठेवा निघाला तो बाबांच्या ट्रंकेत. बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता, तो डबीसारखा काळा कॅमेरा. त्यात १२० चा रोल जायचा आणि सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकोनी निगेटिव्ह निघायच्या. एन्लार्ज करायला पैसे पडायचे, म्हणून बाबा कॉन्टॅक्ट प्रिंटच काढून आणत. निगेटिव्ह कागदावर टेकवून जेवढीच्या तेवढी छपाई, सव्वादोन इंचांचा चौकोन. आम्ही लहानपणापासून ते इवलेसे फोटोच पाहिले होते. निगेटिव्ह स्टुडिओच्या खाकी पाकिटात तशाच होत्या, कुणी उघडल्याही नसाव्यात.

त्यातली एक मी प्रकाशावर धरली आणि ओळखली. इंदूरच्या राजवाड्यासमोर आई उभी आहे, दादा तिचं बोट धरून. प्रिंटमध्ये आईच्या चेहऱ्यावर नुसती सावली आहे. काकांनी निगेटिव्ह फुंकर-पंपाने साफ केली, कडांना धरून होल्डरमध्ये बसवली, २४०० डीपीआयवर स्कॅन लावला. चौकोनाची एक बाजू साधारण ५३०० पिक्सेल भरली. पडद्यावर शंभर टक्क्यांवर चित्र हळूहळू सरकवत गेलो. उन्हामुळे आईने डोळे बारीक केलेत. वेणीत अबोली आहे. हातात कापडी पिशवी, तिच्या बंदाला एक ठिगळ. मागे राजवाड्याचे वरचे लाकडी मजले, खिडक्यांसकट, १९८४ च्या आगीच्या आधीचे. भिंग साधं असल्यामुळे कोपरे मऊ आहेत, पण मधोमध आई स्वच्छ. घरी येऊन लॅपटॉपवर तिला दाखवलं तर ती राजवाड्याकडे पाहीना, पिशवीवर बोट ठेवून म्हणाली, "ही आजीने शिवलेली. तुझ्या बाबांच्या जुन्या पँटची."

तो फोटो बारा बाय बाराचा करायचा हे तिथेच ठरलं. ३६०० पिक्सेल लागणार होते, हातात त्याहून कितीतरी अधिक होते. म्हणून सांगते, जुना प्रिंट स्कॅन करण्याआधी निगेटिव्ह शोधा. प्रिंट हरवलेला नसला तरी शोधा.

इंदूरमध्येच प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ १८६६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिलं. तेव्हा काचेची प्लेट कागदावर टेकवून उन्हात छापत, म्हणजे प्लेट जेवढी तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा आणि मोठी प्लेट वाहून न्यायची. त्या छपाईत खोटा मोठेपणा शक्यच नव्हता. त्यांचे प्रिंट आजही जवळून, भिंग लावून पाहण्यासारखे आहेत. काम करताना हे मला वारंवार आठवत होतं.

कारण मोह होतच होता. आई-बाबांच्या लग्नाचा एकच फोटो धड उरला आहे, आणि त्याचीही मूळ प्रत कुणाकडे नाही. कधीतरी मोबाइलवर काढलेला त्या फोटोचा फोटो, हजारभर पिक्सेलचा. भाच्याने तो एका एआय ॲपमध्ये टाकून चौपट करून आणला. पहिल्या नजरेला थक्क झाले. पापण्यांचा केस न् केस, नथीचे मोती टपोरे. मग जवळून पाहिलं. आईच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका आहे, तिच्या आजीने लहानपणी गोंदवून घेतलेला. तो नव्हता. ॲपने तो डाग समजून पुसला होता. ओठांची ठेवणही जरा निराळी, डोळे मोठे. सुंदर होती ती मुलगी, पण आई नव्हती. भाच्याला शेजारी बसवून दोन्ही फोटो दाखवले, तोही म्हणाला, "मावशी, हा नको." आकाश, भिंत, साडीचं पोत यासाठी अशी साधनं ठीक असतील. माझ्या मते आपल्या माणसाच्या चेहऱ्याला ती लावू नयेत. चेहऱ्यात नसलेलं काही भरण्यापेक्षा असलेलं लहान छापावं.

आणि लहान छापलेलं भिंतीवर लहान वाटू नये यासाठी एक उपाय सापडला. लग्नाचा फोटो मी साडेतीन इंचांचाच ठेवला, पण आठ बाय दहाच्या पांढऱ्या कागदावर. गिम्पमध्ये २४०० बाय ३००० पिक्सेलचा पांढरा कॅनव्हास घेतला, फोटो ३०० च्या हिशेबाने मधोमध पण किंचित वर ठेवला, खालचा समास थोडा जास्त. तसं केलं की नजरेला तो बरोबर मध्यावर वाटतो. व्हॉट्सॲपवरचे सगळे फोटो असेच मांडले. एका मापाच्या फ्रेमा, आत लहान-मोठे फोटो, भोवती पांढरी मोकळी जागा. दादाची भिंत भरलेली दिसायची इच्छाही त्यातून पुरी झाली. समास मात्र भरपूर हवा. लॅबचं मशीन बिनकिनारीचा कागद छापताना चित्र दोन-तीन मिलिमीटर वाढवून कडा कापतं, त्यामुळे बारीक पांढरी रेघ ठेवली तर एका बाजूला जाड आणि एका बाजूला गायब होते.

मग प्रश्न अंतराचा. ३०० हा आकडा साधारण एका फुटावरून पाहण्यासाठी आहे. डोळा जसा लांब जातो तसे कमी पिक्सेल पुरतात. तीन फुटांवरून इंचाला शंभरही डोळ्याला वेगळे कळत नाहीत. दाराशी लावायच्या सहा फुटी फ्लेक्सला म्हणूनच इंचाला ७२ चा हिशेब चालतो. तो रस्त्यावरून वाचायचा असतो. या नियमाने भिंतीवरच्या सगळ्याच फोटोंना सूट देता आली असती. पण आपल्या घरची मंडळी ग्रुप फोटो कसा पाहतात? चष्मा वर करून, नाक लावून, बोट टेकवून. "ही बेबी ना? आणि ही मागची कोण?" म्हणून ग्रुप फोटोंना मी एकही पिक्सेल कमी केला नाही. माहेरचा तो फोटो बारा बाय अठराच्या कागदावर चौदा बाय साडेदहा इंचांचा ठेवला, इंचाला साडेतीनशेच्या जवळ पडले आणि प्रत्येक चेहरा वाचता येत होता. याउलट आईचा दिवाळीचा मोठा फोटो वीस बाय तीसचा केला, कारण तो मधल्या व्यासपीठाशेजारी, लांबून पाहायचा होता. ६००० पिक्सेल तीस इंचांत, म्हणजे इंचाला २००. तेवढे पुरेपूर झाले.

कापणीचं प्रमाण हा आणखी एक जागरूक राहायचा विषय. मोबाइलचा फोटो चारास तीन, कॅमेऱ्याचा तीनास दोन, आठ बाय दहाचा कागद पाचास चार. काउंटरवर नुसतं माप सांगितलं तर मशीन मधोमध धरून जास्तीचं कापतं, आणि आपल्याकडच्या फोटोंत उंच माणूस नेहमी कडेला उभा असतो. मी प्रत्येक फोटो आपल्या हाताने, प्रमाण पक्कं करून कापला. महेश्वरचा २०४८ बाय १५३६ चा फोटो सात बाय पाचसाठी २०४८ बाय १४६३ झाला. घाटाच्या पायऱ्यांतला तुकडा गेला, माणसं पूर्ण राहिली. इंचाला २९२ आले. ३०० ला आठ कमी म्हणून काही बिघडत नाही.

रंगासाठी दोन गोष्टी केल्या. लॅपटॉपचा उजेड कमी केला, इतका की पडद्यावरचं कोरं पान आणि शेजारी ठेवलेला कोरा कागद सारखेच पांढरे वाटावेत. पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही, म्हणून भगभगीत पडद्यावर ठाकठीक वाटलेला फोटो छापून काळवंडलेला येतो. आणि सगळ्या फाइली एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपेग करून दिल्या. आयफोनवरून हाइक (HEIC) प्रकारच्या फाइली आल्या होत्या, त्याही बदलून घेतल्या. स्पष्टता वाढवायचं काम, शार्पनिंग, शेवटच्या मापाला आणल्यावरच, आणि तेही हात राखून. त्वचेवर ते पटकन रुक्ष दिसतं.

फाइलींची नावं अशी: ०७_८बाय१०_मॅट_१प्रत. पेन ड्राइव्हमध्ये मापवार फोल्डर. काउंटरवर गर्दी असली तरी मुलाला विचारावं लागत नाही.

लॅबमध्ये सगळं एकदम टाकलं नाही. आधी चाचणी. मोठ्या फोटोतला डोळ्यांपासून पदरापर्यंतचा ८०० बाय १२०० पिक्सेलचा तुकडा कापून मॅक्सीवर छापून घेतला. इंचाला २०० च, म्हणजे वीस बाय तीसमध्ये आई जशी दिसणार नेमकी तशी, फक्त तुकड्यात. तो भिंतीला लावून लांबून, जवळून, ट्यूबलाइटखाली पाहिला आणि निर्धास्त झाले. मॅक्सीच्या किमतीत एवढी खात्री मिळते, मोठा प्रिंट करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं.

चाचणीतच दुसरी गोष्ट कळली. पांढऱ्या समासाचे फोटो अंधारे आले होते आणि माहेरच्या फोटोचा तपकिरी रंग जाऊन तो राखाडी झाला होता. मशीनमध्ये आपोआप सुधारणा चालू असते. एवढं पांढरं पाहून त्याला फोटो जास्त उजळ वाटतो आणि ते तो दाबतं. तपकिरी दिसलं की रंग बिघडला असं धरून सरळ करतं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "भैया, करेक्शन पूरा बंद रखना, फाइल जैसी है वैसी निकालना." त्याने मान डोलावली, पण पुढचाही प्रिंट तसाच आला. मग आत मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरशी बोलले. दोन्ही प्रिंट आणि लॅपटॉपवरची फाइल समोर ठेवली. त्यांनी शांतपणे पाहिलं, माझ्या ऑर्डरपुरती सुधारणा शून्यावर आणली आणि पुढचे सगळे प्रिंट स्वतः तपासून दिले. कामाची कदर असलेला माणूस. ज्याच्या हातात मशीन आहे त्याच्याशी बोलायला मिळालं तर जरूर बोलावं.

कागद मॅट घेतला. हॉलमधले दिवे ग्लॉसीवर चमकतात, आणि काचेमागे ग्लॉसी टेकून बसला की काही वर्षांनी काय होतं ते ग्वाल्हेरच्या फ्रेमीत पाहिलंच होतं. फ्रेमवाल्याकडून प्रत्येक फोटोभोवती माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घेतलं, म्हणजे काच आणि कागद यांच्यात हवा राहते. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने कोण, कुठे, साधारण कुठलं साल, हे लिहिलं. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढे उमटतात.

कार्यक्रम झाल्यावर फाइली मागणाऱ्यांची रांग लागली. माहेरच्या फोटोची टिफ दोन ठिकाणी जपून ठेवली आहे आणि लोकांना त्यांच्या मापाप्रमाणे जेपेग काढून देते. मावशीला आठ बाय दहाचा हवा आहे, तिकडेच ग्वाल्हेरला छापून घेणार आहे. तिला समास धरून २४०० बाय ३००० ची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली आणि फोनवर सांगितलं, "मावशी, काउंटरवर दोनच गोष्टी सांग. कापायचं नाही, आणि करेक्शन बंद."